ठवकर मॅडमचा ताजा प्रश्न

सकाळी गॅसवरचं दूध फाटलं, तर तुम्ही सगळ्यात आधी कोणाला दोष देता? दूधवाल्याला, उकाड्याला, की घरात नव्यानं आलेल्या सुनेला? खरं सांगा. बहुतेक घरांत तिसरंच नाव येतं, आणि त्यावर मी एक वेगळं पत्रक लिहू शकते. पण आज विषय तो नाही. आज विषय आहे ठवकर मॅडम. त्यांच्या घरी दूध फाटलं की त्या कोणालाही दोष देत नाहीत. पातेलं हातात घेऊन त्या फाटकाशी येतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या माणसाला अडवून विचारतात, "सांगा बरं, हे भौतिक परिवर्तन झालं का रासायनिक?"

आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि रस्त्यावर दोन्हींची खिचडी. म्हणून मराठी पुस्तकात ज्याला 'बदल' म्हणतात, त्याला आमच्याकडे 'परिवर्तन' म्हणतात. विषय तसा शाळकरी पोरांचा आहे. बर्फाचं पाणी झालं तर रूप बदललं, वस्तू तीच राहिली, म्हणजे भौतिक. लाकूड जळून राख झाली तर वस्तूच दुसरी झाली, म्हणजे रासायनिक. पोरं हे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि जन्मभरासाठी विसरून जातात. ठवकर मॅडम विसरायला तयार नाहीत.

ताठ कणा, कडक इस्त्रीची सुती साडी, दोरीला बांधलेला चष्मा आणि खांद्याला कापडी पिशवी. मॅडम रोज घराबाहेर पडतात त्या भाजी आणायला म्हणून. पण पिशवीत दोन जुड्या पालक पडेपर्यंत अर्ध्या गावाची तोंडी परीक्षा होऊन गेलेली असते. नमस्काराला त्या उत्तर देत नाहीत. नमस्कार केला की "काही नवीन?" असं विचारतात. नवीन म्हणजे बातमी नव्हे. नवीन म्हणजे नवीन परिवर्तन. बर्फ, मेणबत्ती, गंजलेला खिळा ही नावं त्यांच्यापुढे काढायची नाहीत. "हे पुस्तकातलं आहे, मले पुस्तकातलं नोको." कालचंही चालत नाही. "हे शिळं झालं बावा, ताजं दे." दिवेलागणीच्या आत त्यांना रोज एक ताजा प्रश्न लागतो. नाही मिळाला तर त्यांचा चेहरा असा होतो की जणू घरात मीठ नाही आणि दुकानं बंद झाली आहेत.

आणि गंमत अशी, की मॅडम विज्ञानाच्या नव्हत्याच. मुलींच्या सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर हिंदी शिकवलं. संधी, समास, अलंकार. त्यामुळे त्या विचारतात, समोरच्याचं उत्तर आणि त्यामागचं कारण डोळे बारीक करून ऐकतात, पण बरोबर की चूक ते सांगत नाहीत. "उत्तर उद्या," म्हणतात आणि चालू लागतात. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी सकाळी त्या माणसासमोर उभ्या राहून निकाल देतात. चौकातला पानवाला एकदा विडा लावत होता. कात तपकिरी, चुना पांढरा, पण तोंडात गेल्यावर लाल भडक. मॅडम तिथे अर्धा तास उभ्या. गिऱ्हाईकं खोळंबली. पानवाला म्हणाला, "मॅडम, ये तो भौतिक है, सिर्फ रंग मिला." दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान उघडायच्या आधी मॅडम हजर. "रासायनिक. कातात लाल नव्हतं, चुन्यातही लाल नव्हतं. मंग लाल आलं कुठून? नवीन बनलं." पानवाला आता प्रत्येक गिऱ्हाईकाला विडा देताना सांगतो, "लीजिए, रासायनिक."

ब्युटी पार्लरवाल्या ताईकडे त्या केस सरळ करण्याच्या मलमाचा वास घ्यायला गेल्या होत्या. न्हाव्याला विचारून आल्या. कापणं भौतिक, रंगवणं रासायनिक. लामत्याकडून येणाऱ्या बसच्या कंडक्टरला मोहाच्या दारूबद्दल विचारलं, आणि तो बिचारा घाबरला की मॅडम पोलिसांत सांगतील. त्याचाही निकाल दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर जाऊन दिला. "मोहाचं फूल भिजवून आंबलं ते रासायनिक. भट्टीवर चढवून थेंब पाडले ते भौतिक. अन् पिनाऱ्याच्या घरी जे होते, ते माह्या विषयात नाई." एका रिक्षावाल्यानं खवचटपणे विचारलं, "और हमारी शादी, मॅडम?" मॅडम जराही हसल्या नाहीत. "तुह्या बायकोले इचारा लागन, नवीन काय बनलं म्हनून," असं म्हणून त्याच रिक्षात बसून खरंच त्याच्या घराकडे निघाल्या. त्यानं हातापाया पडून त्यांना भाजीबाजारात उतरवलं.

मीही सुटले नाही. माझ्या बाबांनी घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त आणली, आणि मी अक्षर ओळखायला त्यांवरच शिकले. आता मीही पत्रकं लिहिते. पाणी, मजुरी, मुलींचं शिक्षण, जिथे जळतं तिथे. एकदा चौकात वाटत होते. मॅडमनी एक घेतलं, दोरीचा चष्मा चढवला, रस्त्यातच उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि विचारलं, "रेवा, यात तू परिवर्तन, परिवर्तन लिहून राह्यली. कोनतं? भौतिक का रासायनिक?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "रासायनिक, मॅडम. मुळापासून."

"कारन?"

मी हातातलं पत्रक उलटून पाहिलं. कारण तिथेही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "उत्तर उद्या."

दुसऱ्या दिवशी मी दात घासत असताना फाटक वाजलं. "कोनतंच नाई म्हनते," मॅडमनी बाहेरूनच सांगितलं. "अजून नुसता कागद आहे म्हनते."

"कोण म्हणते?" मी फेस थुंकून विचारलं. पण मॅडम तोवर कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या.

राग आला, हे खरं. पण त्यानंतर माझे डोळे बिघडले, हेही खरं. धानाच्या गिरणीतून उसन्या, म्हणजे उकडलेल्या, तांदळाची वाफ बाहेर पडायची, तिच्याकडे मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. आता थांबून विचार करू लागले की आत दाण्याचं काय होत असेल. वैनगंगेच्या काठी विटा उन्हात वाळत घातलेल्या दिसल्या की वाटे, आता पाऊस आला तर यांची पुन्हा माती होईल. आणि भट्टीतून निघालेली वीट दिसली की वाटे, हिला आता कुठलाच पाऊस माती करू शकत नाही. मलाजखंडहून आलेल्या पाहुण्यांनी दिलेला तांब्याचा लोटा हिरवा पडला, तो घासताना माझा हात थांबला. इतकं सगळं रोज आपल्या नाकासमोर नवं होत असतं आणि आपण त्यातून चालत जातो, सामान घेऊन. मॅडमची टर उडवणाऱ्या प्रत्येकाचं असंच झालं होतं. पानवाल्याचं, न्हाव्याचं, कंडक्टरचं. गावाला एक खोड लागली होती, आणि ती कोणी लावली हे सगळ्यांना माहीत होतं. का लावली, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ते मला माझ्या ताईच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा कळलं. दिवे लागायची वेळ होती. मॅडमच्या व्हरांड्यात सर बसले होते.

सरांबद्दल सांगायचं राहिलं. ठवकर सर, मॅडमचे यजमान, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या वसाहतीतल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. बोलण्याची एवढी आवड की तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं उठत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. निवृत्त होऊन दोघं बालाघाटला आले, आणि थोड्याच काळात सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पूर्ण गेलं. गल्लीत त्यांच्याबद्दल लोक भूतकाळातच बोलत. "फार हुशार होते." होते. माणूस व्हरांड्यात बसलेला आहे, अंगात धुतलेला शर्ट आहे, डोळे उघडे आहेत, आणि लोक म्हणतात, होते.

मी फाटकाशीच थांबले, कारण आत भांडण चाललं होतं.

मॅडम सरांसमोर स्टुलावर बसल्या होत्या. म्हणत होत्या, "कपडे सिमेंटच्या पोत्यात बांधले, पोतं भिजलं, कपडे दगड झाले. इस्त्रीवाल्याचा प्रश्न आहे, आजचा, ताजा. बोला." सरांनी डोळे मिटले. डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मॅडम हलल्या नाहीत, घाई केली नाही, डास मारला नाही. मग तो हात हळूहळू मिटला आणि त्याची मूठ झाली.

"रासायनिक?" मॅडम म्हणाल्या. "काहून? मी म्हनते भौतिक. पीठ भिजलं अन् वाळलं, झालं. माती नाई का वाळत?" सरांनी मूठ दांडीवर आपटली. "आपटू नका. माती वाळली तर पुन्हा भिजते, हे मले मालूम आहे. सिमेंट भिजत नाई, हेच म्हननं आहे नं तुमचं?" हात थांबला. "हेच आहे. ठीक आहे, हरली मी." आणि मॅडम हसल्या. सरांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसू शकते. ती पूर्ण हसली.

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. माइकवरची, टेबलावर उभं राहून केलेली, पोलिसांच्या गाडीतून ओरडून केलेली. पण एका हाताचं असं भाषण मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या हातातली पत्रिका मी इतकी दाबून धरली होती की तिची घडी मोडली.

आत जाऊन पत्रिका दिली, आणि निघताना मॅडम मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. मी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनी माझा चेहरा वाचला.

"लोक येते भेटायले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "विचारते, कसं वाटते सर? आता तूच सांग, 'कसं वाटते' याचं उत्तर माणूस एका हातानं कसं देईन? मंग ते माह्याकडे पाह्यते अन् मलेच विचारते. जेवते का? झोप लागते का? त्यांच्या समोर, त्यांच्या डोक्यावरून. हौ-नाईचे प्रश्न तर मीही विचारते. पानी पायजे का, पंखा लावू का. त्यानं माणूस जित्ता राह्यते रेवा, सर नाई राहत. त्यांले असा प्रश्न पायजे, ज्याले उत्तरं दोनच आहेत, पन विचार लय लागते. मी हिंदीवाली. मले हा एकच मालूम होता."

पंजा उघडा म्हणजे भौतिक. मूठ म्हणजे रासायनिक. आणि हात आडवा हलवला, तर प्रश्नच चुकला. माझ्या पत्रकाला हाच तिसरा शेरा मिळाला होता.

"मग पुस्तकातलेच विचारायचे ना मॅडम. गावभर कशाला फिरता?"

"पुस्तकातले त्यांनीच शिकवले. तसा काढला तर तोंड फिरवून घेते. अपमान वाटते."

मी म्हटलं, सरांना हळदीला आणा. मॅडमनी लगेच मान हलवली. "तमाशा नाई करायचा त्यांचा. लोकाईसमोर एक डाव उत्तर चुकलं, का चुकलं असं लोकाईले वाटलं, तर संपलं. मंग म्हनतील डोकंही गेलं. मंग कोनी कधी विचारनार नाई. अन् मी एकटी किती विचारू?"

त्या दिवशी मी परतले. पण दोन दिवस मी त्यांच्या फाटकाशी जात राहिले. मी हट्टी आहे, हे गल्लीला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी मॅडम वैतागून म्हणाल्या, "त्यांलेच विचार." मी सरांना विचारलं. पंजा-मूठ इथे लागू होत नव्हतं. सरांनी शर्टाची कॉलर दोन बोटांनी नीट केली. मी ते उत्तर समजले.

हळदीच्या दिवशी दुपारी आमच्या अंगणातल्या मांडवात सर खुर्चीत बसले, पांढरा शर्ट, खांद्यावर पांढरा दुपट्टा. मॅडम उजव्या बाजूला उभ्या. लोक येत, वाकून सरांच्या पाया पडत, आणि उठताना मॅडमना विचारत, "जेवतात का बरोबर?" मला प्रत्येकाच्या हातात एक पत्रक ठेवावंसं वाटत होतं.

आमच्याकडे हळद लागते ती नवरीला एकटीला नाही. जो समोर येईल त्याला लागते, आणि नाही म्हणणाऱ्याला दुप्पट. माझी मोठी आई, म्हणजे मोठ्या काकांची बायको, रामपायलीहून आली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. "मास्तर, तुमी काहून कोरडे?" म्हणत तिनं सरांच्या गालाला हळद लावली आणि उरलेली दुपट्ट्याला सांडली. दुपट्टा नवा, पांढरा शुभ्र. मोठ्या आईला वाईट वाटलं. तिनं पाण्यानं अर्धं भरलेलं घमेलं आणलं, कपड्याच्या साबणाच्या वडीनं त्यात भरपूर फेस काढला आणि दुपट्टा बुडवला. पिवळा डाग क्षणात लाल झाला. पाणीही लाल.

लग्नघरात पांढऱ्या कपड्यावर असा लाल रंग कोणाला आवडतो? एक बाई म्हणाली, "अवो, रगतासारखं दिसते, अपशकुन आहे." मोठी आई हळदीपासून कुंकू घरी बनवणाऱ्यांतली. तिनं तिला हातानं गप्प केलं, ताटातलं लिंबू उचललं, अर्धं घमेल्यात पिळलं, मग उरलेलं अर्धंही. दुपट्टा हलवला. लाल गेलं. पिवळं परत आलं. पोरं ओरडली.

आणि मला राहवलं नाही. मी सरांसमोर वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सर, हे कोणतं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. सरांनी डोळे मिटले.

उत्तर आलं ते भलतीकडून. माझा मामेभाऊ पंकजदादा वारासिवनीत कोचिंग क्लास चालवतो. चांगला आहे, पोरांवर मेहनत घेतो, फक्त गप्प बसता येत नाही. तो म्हणाला, "अरे एकदम बेसिक आहे. परत आलं म्हणजे भौतिक, परत नाही आलं म्हणजे रासायनिक. पिवळं परत आलं. भौतिक. विषय संपला."

सरांचा हात मिटला. मूठ.

पंकजदादा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्यानं आणि लहान मुलाशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाला, "सर, पिवळा वापस आ गया ना? तो भौतिक. टेंशन नहीं लेना." आणि त्यानं सरांची मूठ आपल्या हातात घेतली आणि एक एक बोट उघडून तिचा पंजा केला. प्रेमानं केला, हे मी शपथेवर सांगते. म्हणूनच ते बघवेना. त्यानं हात काढला. सरांनी पुन्हा मूठ केली.

मागून कोणीतरी म्हणालं, "बिचारे." दुसरं कोणी म्हणालं, "मॅडम, सरांना आत झोपवू का?"

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या निकाल देतील, पानवाल्याला दिला तसा. मग लक्षात आलं, त्यांना उत्तर माहीत नाही. त्या हिंदीच्या. सर बरोबर आहेत की चुकले, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत नव्हतं, आणि मलाही वाटत होतं की चुकलेच. पिवळं परत आलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज वर्गातला निघाला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "त्यांचं बोलनं चालू आहे."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं, बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा. मूठ उघडली होती आणि एक बोट घमेल्याकडे होतं. मी घमेलं उचलून स्टुलावर, त्यांच्या हाताशी ठेवलं. सरांनी डावा हात पाण्यात बुडवला आणि अंगठा बोटांवर घासायला सुरुवात केली. नुसता घासत राहिले. हात बाहेर काढला, आम्हाला दाखवला, पुन्हा बुडवला, पुन्हा घासला. बोटांना पांढरे बारीक कण चिकटले होते, दूध फाटल्यासारखे. बाकी काही नाही. सर पंकजदादाकडे पाहत होते, आणि ती नजर कुठल्याही आजारी माणसाची नव्हती. उत्तर येईपर्यंत वर्गावर ठेवतात ती नजर होती.

पंकजदादा आधी हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्यानं बाही वर केली, स्वतःचा हात घमेल्यात घातला आणि घासला. जोरानं घासला.

"फेस येत नाही," तो म्हणाला.

"एवढा साबन घातला व्हता मी," मोठी आई म्हणाली.

"हो ना. मग साबण कुठे गेला?" तो हे तिला विचारत नव्हता. पाण्याला विचारत होता. "रंग परत आला. साबण नाही आला. लिंबानं साबण फोडला... हे पांढरं काहीतरी दुसरंच बनलंय." त्यानं बोटांवरचे कण उजेडात धरून पाहिले. मग तो सरांना म्हणाला, आणि आता आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता, "सर, मी पोरांना चुकीचं शिकवून राह्यलो. परत येतं की नाही, हा प्रश्नच नाही. नवीन काय बनलं, हा आहे."

सरांनी ओली मूठ वर धरली. मूठ मी पत्रकांवर शेकडो वेळा छापलेली पाहिली आहे. त्या दुपारी मांडवात ती एका बोलू न शकणाऱ्या माणसाची होती, साबणाचे कण चिकटलेली.

पंकजदादानं खुर्ची नाकारली. सरांच्या पायाशी सतरंजीवरच मांडी घातली. "सर, इन्व्हर्टरची बॅटरी? चार्ज होते, उतरते, पुन्हा चार्ज होते. हे कोणतं?" सरांनी डोळे मिटले. आणि सगळा मांडव थांबला. अंगावरची हळद वाळत चाललेली माझी ताई थांबली, ढोलकीवाला थांबला, 'बिचारे' म्हणणारी बाईही मान पुढे काढून थांबली. मग मूठ आली. त्यानंतर रांगच लागली. कापराचं काय, लाह्यांचं काय, मेंदीचं काय. एका प्रश्नाला सरांनी हात आडवा हलवला, आणि ज्याचा प्रश्न चुकला होता तो सगळ्यात जास्त खूश झाला.

मेंदीच्या प्रश्नाच्या वेळी मी वळून पाहिलं, तर मॅडम जागेवर नव्हत्या. मी घाबरले. घरात नव्हत्या, फाटकाशी नव्हत्या. सापडल्या त्या मागच्या अंगणात, आचाऱ्याच्या कढईजवळ. एकट्याच पाटावर बसल्या होत्या, मांडवाकडे पाठ करून. पत्रावळीवर वरण-भात, वांग्याची भाजी, कढईतून नुकतीच निघालेली जिलेबी. त्या सावकाश जेवत होत्या, एक एक घास.

"मॅडम, तिकडे मेंदीचं विचारलंय," मी धापा टाकत म्हटलं. "काय असेल उत्तर?"

"मले काय मालूम," मॅडम म्हणाल्या. जिलेबीचा तुकडा तोंडात होता. "त्यांले विचार नं." मग माझा हात धरून मला खाली बसवलं, आणि मांडवातून आलेल्या हशाकडे कान देत हळूच म्हणाल्या, "गरम जेवन आहे, रेवा. जरा खाऊ दे मले."

मी बसले. त्या जेवल्या. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

आता मी तुमच्याकडे वळते, कारण मला पत्रकाशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही आणि पत्रकाच्या शेवटी मागणी असते. तुमच्या नात्यात, नाहीतर चार घरं सोडून, कोणीतरी असा बसलेला आहे. ज्याचं बोलणं गेलं आहे आणि ज्याच्याविषयी लोक 'होते' म्हणू लागले आहेत. या रविवारी त्याच्याकडे जा. फळं नेली नाहीत तरी चालेल. त्याच्या बायकोला, मुलीला 'जेवतात का' असं विचारू नका. त्याच्यासमोर बसा. तो शिंपी असेल तर कापडाचं, ड्रायव्हर असेल तर गाडीचं, स्वयंपाकीण असेल तर फोडणीचं, असं काहीतरी विचारा, जे तुम्हाला खरंच माहीत नाही आणि ज्याचं उत्तर एका हातानं किंवा पापणीनं देता येईल. मग गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ फोनकडे बघू नका, घरच्यांकडे बघू नका. त्याच्या हाताकडे बघा.